देता हूँ

एकतीस वर्षं रावपुऱ्याच्या शाखेत
मी नोटा मोजल्या.
ओला स्पंज डावीकडे, रबरबँड मनगटात,
आणि अंगठ्याला अशी सवय
की अजूनही रात्री
चादरीची कड मोजत बसतो तो.
वाचली मात्र कधी नव्हती नोट.
कोण वाचतं? तार बघायची, जलचिन्ह बघायचं,
चला, पुढचा.

परवा वाचली.

टीव्हीवर सांगत होते, देशाच्या बँकेला
नवा गव्हर्नर हवा. ‘नवा’च म्हणत होते.
चार नावं शर्यतीत. चौथं कौमुदी दळवीचं,
आमच्या दांडिया बाजारातल्या कौमुदीचं,
जी अकरावीत असताना वडिलांचं पासबुक घेऊन आली
आणि व्याजात सतरा रुपये कमी आहेत म्हणून
मॅनेजरला खुर्चीतून उठवलं होतं तिनं.
(सतरा रुपये कमीच होते.)

तिघांच्या नावापुढे आलं:
अनुभवी. मुत्सद्दी. खंबीर हात.
हिच्यापुढे:
विद्वान, पण सूत्रांच्या मते जरा हट्टी.
एकटी राहते. हातमागाच्या साड्यांची आवड.
दुसऱ्या दिवशी हट्टीची भांडखोर झाली.
तिसऱ्या दिवशी एक टायवाला हसून म्हणाला,
प्रश्न बाईचा नाहीच हो,
प्रश्न एवढाच, की बाजार घाबरेल.

कुठला बाजार?
मी खंडेराव मार्केटात जाऊन आले.
भेंडी साठ, गवार ऐंशी.
घाबरलेलं कुणी दिसलं नाही.

मग घरी चष्मा लावून
पाचशेची नोट दिव्याखाली धरली.
‘मैं धारक को पाँच सौ रुपये
अदा करने का वचन देता हूँ.’
देता.
म्हणजे सही व्हायच्या आधी,
नाव ठरायच्याही आधी
क्रियापदानं मिशी राखलेली.

मराठीत तरी कुठं सुटका आहे?
देतो म्हणा, नाहीतर देते.
तोंड उघडलं की आधी कळतं कोण बोलतंय,
काय बोलतंय ते मागाहून, सवड असेल तर.
पण काचेआडून मी जी भाषा बोलले जन्मभर,
त्या गुजरातीत नुसतं ‘आपुं छुं’.
बाप्यानं म्हणावं, बाईनं म्हणावं.
देणारा देतो, घेणारा मोजून घेतो...
बघा, देणारा. माझ्याही तोंडून.

माझं नाव शशी.
हेड कॅशियरची ऑर्डर आली तेव्हा वर होतं
‘श्री. शशी कोठारे’.
साहेब माझ्याकडे, कागदाकडे, परत माझ्याकडे बघून म्हणाले,
वरून काहीतरी चूक झालेली दिसते.
ते ‘श्री’बद्दल बोलत नव्हते.
तिजोरीच्या किल्ल्या हातात पडायला सात महिने लागले.

काल नाव जाहीर झालं. तिघांतलंच.
कौमुदीला फोन लावला.
म्हणाली, काकी, मीटिंगमध्ये आहे.
मग जराशानं, हळू आवाजात,
या वेळी नेमके किती कमी पडले
तेच कुणी दाखवत नाही ओ.

नोटेवर लिहू नका, असं
एकतीस वर्षं मी लोकांना दटावत आले.
काल रात्री पेन्सिल घेतली.
एक काना पुसून एक मात्रा, एवढंच तर काम.
‘देते’ करायचं होतं की ‘देती’, तेच ठरेना.
पेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

सकाळी तीच नोट रेवाबेनला दिली,
किलोभर भेंडीची.
तिनं ती उन्हात धरली, वाचली नाही,
कनवटीला खोचली.
सुटे नव्हते तिच्याकडे.
‘काले आपी दईश, शशीबेन.’
बरं, म्हटलं.

उद्या जायचंय.
चारशे चाळीस निघतात तिच्याकडे.